‘थांब’ म्हणणारा मित्र

चिनी भाषेत ‘शी-श्युंग’ असा एक शब्द आहे. आपल्या गुरूकडे आपल्याआधी शिकायला आलेला तो शी-श्युंग. इंग्रजीत या शब्दाचे भाषांतर करताना अडखळायला होते. ‘सीनिअर’ म्हटले तर जिव्हाळा निसटतो, ‘ब्रदर’ म्हटले तर गुरू निसटतो. मराठी माणसाला मात्र अडायचे कारण नाही. आपल्याकडे ‘गुरुबंधू’ हा शब्द आहे. गाण्याच्या घराण्यात आणि कुस्तीच्या तालमीत तो आजही वापरात आहे. चीनमध्ये तो रुग्णालयातही वापरला जातो. २०१२ साली तिथे गाजलेली ‘शिन शू’ ही वैद्यकीय मालिका याच नात्याची गोष्ट सांगते.

उपशीर्षकांच्या आधारे परदेशी मालिका पाहणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढली आहे. कोरियन मालिकांपाठोपाठ चिनी मालिकाही लोक पाहू लागले आहेत. त्यातल्या बहुतेकांची ओळख राजवाडे आणि तलवारी अशीच असते. ‘शिन शू’ त्यातली नाही. शांघायमधल्या एका मोठ्या रुग्णालयाचा मेंदू शस्त्रक्रिया विभाग, तिथले तीन शल्यविशारद, त्यांच्यासोबतच्या परिचारिका आणि वॉर्डाबाहेर ताटकळणारे नातेवाईक एवढाच तिचा पसारा. आरोग्याच्या सदरात मालिकेविषयी लिहायचे कारण असे, की डॉक्टरांची आपसातली मैत्री ही त्यांची खासगी बाब नसून रुग्णाच्या उपचारांचा भाग असते, हे या मालिकेइतके सहज फार थोड्या कलाकृतींनी दाखवले आहे.

मालिका लिउ लिउ या लेखिकेच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेली आहे. शहरातल्या घरांच्या किमतींत पिचणाऱ्या तरुणांवरच्या तिच्या आधीच्या मालिकेने, ‘वो च्यू’ने, २००९ मध्ये चीनभर खळबळ उडवली होती. त्यानंतर ती रुग्णालयाकडे वळली. शीर्षकातच तिने एक कोटी केली आहे. ‘शू’ म्हणजे कौशल्य. चिनी भाषेत शस्त्रक्रियेला ‘शोउ-शू’ म्हणतात, म्हणजे हाताचे कौशल्य, वैद्यकीला ‘यी-शू’. ‘शिन’ म्हणजे हृदय किंवा मन. ‘शिन शू’ हा शब्द एरवी माणसाच्या अंतःस्थ हेतूसाठी, बऱ्याचदा त्याच्या मनातल्या कपटासाठी वापरतात. लेखिकेने तो डॉक्टरांच्या गोष्टीला देऊन एक प्रश्न उभा केला: हात तयार झाला, पण मनाचे काय? ते कोण तयार करते?

मालिकेचे उत्तर असे, की ते बरेचसे गुरुबंधू तयार करतात. थोरला लिउ चेनशी हा शांत, कर्तव्याला चिकटून राहणारा डॉक्टर. ही भूमिका झांग जियाई या अभिनेत्याने केली आहे. दुसरा हुओ सिम्याओ हुशार, जिभेला धार असलेला, सडाफटिंग. तो वू शिउबोने रंगवला आहे. तिसरा त्या दोघांपेक्षा लहान, अजून शिकणारा. ‘थोरला गुरुबंधू’ आणि ‘दुसरा गुरुबंधू’ या हाकांमध्ये चिनी प्रेक्षकाला एक विनोदही ऐकू येतो. ह्युएन त्संगच्या भारतयात्रेवर रचलेल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या जुन्या कादंबरीत थोरला शिष्य आहे पराक्रमी वानर आणि दुसरा आहे खादाड, बायकांवर भाळणारा वराहमुखी. त्यामुळे ‘दुसरा गुरुबंधू’ म्हणून हाक मारली, की त्यात आदर आणि चिमटा दोन्ही येतात. पण याच दुसऱ्या भावाचे नाव मात्र एका थोर वैद्याचे आहे. सातव्या शतकातल्या सुन सिम्याओने वैद्याच्या नीतीवर लिहिले, की रुग्ण गरीब असो वा श्रीमंत, आप्त असो वा शत्रू, त्याला सारखेच वागवावे. ते लेखन चीनमधल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आजही वाचायला दिले जाते. एकाच माणसात वराहमुखीही आहे आणि सुन सिम्याओही. डॉक्टरांकडे पाहण्याची लेखिकेची नजर या एका पात्रात कळते.

ही मैत्री कोणत्या हवेत वाढत होती, हे समजून घेतले नाही तर मालिका नुसती गोड वाटेल. ती प्रसारित झाली त्याच वर्षी, मार्च २०१२ मध्ये, हार्बिन शहरातल्या एका रुग्णालयात सतरा वर्षांच्या रुग्णाने चाकू चालवून एका शिकाऊ डॉक्टरचा जीव घेतला. त्या डॉक्टरने या मुलावर उपचारही केले नव्हते. त्याहून हादरवणारी गोष्ट नंतर घडली. एका मोठ्या वृत्तसंकेतस्थळावर बातमीखाली ‘ही बातमी वाचून काय वाटले?’ अशी चिन्हे होती आणि निम्म्याहून अधिक लोकांनी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवले. चीनमध्ये डॉक्टर आणि समाज यांच्यातला विश्वास किती खालावला होता, ते त्या हसऱ्या चेहऱ्यांनी सांगितले.

याला कारणे होती आणि ती नुसती स्वभावाची नव्हती. सरकारी अनुदान अपुरे पडू लागल्यावर चिनी सरकारी रुग्णालयांना औषधांवर पंधरा टक्के नफा घेऊन विकण्याची मुभा होती. ‘औषधांवर वैद्यकी पोसणे’ असा वाक्प्रचारच तिथे रूढ झाला. जास्त औषधे लिहिली तर रुग्णालय चालते, हे रुग्णालाही ठाऊक होते. मग डॉक्टरने लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीकडे तो संशयाने पाही. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरच्या हातात पैशांचे लाल पाकीट सरकवले नाही तर हयगय होईल, अशी भीती नातेवाइकांना वाटे. छोट्या गावांतल्या दवाखान्यांवर भरवसा नसल्याने सगळी गर्दी मोठ्या शहरांतल्या नामांकित रुग्णालयांकडे. तिथे तपासणीचा नंबर काळ्या बाजारात विकणारे दलाल. रुग्ण दगावला, तर भाडोत्री माणसे आणून रुग्णालयाच्या दारात गोंधळ घालायचा आणि भरपाई उकळायची, हाही एक धंदा झाला. त्याला ‘यी-नाओ’ असे नाव पडले. पुढे २०१५ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती करून तो गुन्हा ठरवण्यात आला. औषधांवरचा नफा २०१७ मध्ये देशभरातल्या सरकारी रुग्णालयांतून रद्द झाला.

‘शिन शू’मधले तीन मित्र या हवेत श्वास घेतात. बाहेरच्या जगाचा विश्वास उडालेला असताना एकमेकांवरचा विश्वास हीच त्यांची शिल्लक आहे. ते एकमेकांची थट्टा करतात, भांडतात, जेवतात, एकमेकांच्या घरातली दुखणी जाणतात. थोरल्याचे दुखणे सगळ्यात खोल आहे. त्याच्या लहान मुलीची, नाननानची, मूत्रपिंडे निकामी झालेली आहेत आणि ती प्रत्यारोपणाच्या रांगेत आहे.

हा धागा वैद्यकीय दृष्टीने फार विचारपूर्वक गुंफलेला आहे. मरणोत्तर मिळणाऱ्या अवयवांचा एक मोठा स्रोत म्हणजे मेंदू मृत झालेले रुग्ण. अपघातात डोक्याला मार लागलेला किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असा रुग्ण पहिल्यांदा पाहतो कोण? मेंदूचा शल्यविशारद. म्हणजे ज्या बापाला आपल्या मुलीसाठी मूत्रपिंड हवे आहे, त्याच्याच हातून असे रुग्ण रोज जातात. त्याने त्यांना वाचवण्यासाठी जिवाचे रान करायचे असते आणि तो ते करतो. मेंदूमृत्यूसाठी चीनमध्ये स्वतंत्र कायदा तेव्हा नव्हता. नागरिकांच्या ऐच्छिक अवयवदानाचा प्रायोगिक कार्यक्रम २०१० मध्ये नुकताच सुरू झाला होता. फाशी दिलेल्या कैद्यांचे अवयव वापरण्याची, जगभर निंदा झालेली पद्धत बंद करत असल्याची घोषणा २०१५ पासून लागू झाली. या पार्श्वभूमीवर एका डॉक्टरची मुलगी रांगेत आहे आणि त्याचे मित्र ते जाणून आहेत. मित्रप्रेम कितीही असले, तरी त्याच्या जोरावर रांग मोडता येत नाही. हा धागा पुढे कुठे जातो ते सांगून पाहणाऱ्याचा रस घालवत नाही. एवढेच म्हणतो, की डॉक्टरही नातेवाईक असतो, खुर्चीत बसून निकालाची वाट पाहणारा असतो, हे दाखवायला यापेक्षा नेमका धागा सापडला नसता.

आता मूळ मुद्दा. मैत्रीने रुग्णाचे काय भले होते? यावर विज्ञानाकडे सांगण्यासारखे बरेच आहे.

अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला. ज्या वॉर्डांतले लोक मिळूनमिसळून काम करतात तिथे चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या चमूंमध्ये चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला: तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. जिथे वरिष्ठांची भीती होती, तिथे चूक झाकली जात होती आणि झाकलेली चूक पुन्हा होते. ‘बोललो तर माझी नाचक्की होणार नाही’ हा भरवसा पुढे ‘मानसिक सुरक्षितता’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक पडताळणी यादी आणली. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, प्रतिजैविक दिले का, असे साधे प्रश्न. त्यात एक गमतीची वाटणारी पायरी आहे: पहिला छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही. मला त्याचे कारण यादीत नव्हे, तर ती वापरण्याच्या रीतीत दिसते. कागदावर खुणा करून यादी पूर्ण करता येते. पण ज्याने एकदा आपले नाव सांगितले आहे, तो पुढे काही चुकत असेल तर तोंड उघडतो. अनोळखी माणसाला टोकणे कठीण, ओळखीच्याला थोडे सोपे आणि गुरुबंधूला सगळ्यात सोपे.

मेंदूच्या शस्त्रक्रियेत या टोकण्याला विशेष मोल आहे. ऐकण्याच्या नसेवरची गाठ काढताना चेहऱ्याची नस तिला चिकटून असते. गाठ पूर्ण काढायचा हट्ट धरला, तर चेहरा कायमचा वाकडा होऊ शकतो. थोडी गाठ मागे ठेवली, तर ती पुन्हा वाढू शकते, पण रुग्णाचे हसू वाचते. सूक्ष्मदर्शकात डोळे घालून तासन्‌तास उभ्या असलेल्या शल्यविशारदाला ‘आणखी थोडे’ असा मोह होतोच. तेव्हा शेजारून कोणीतरी ‘थांब, पुरे’ असे म्हणावे लागते. हे म्हणण्याचा अधिकार पदाने मिळत नाही. तो वर्षानुवर्षे एकत्र जागलेल्या रात्रींतून मिळतो. अशा रात्रींतून जमलेले नाते काय असते, ते ‘शिन शू’ दाखवते. मला ही मालिका आवडली ती यासाठी.

चूक होऊन गेल्यानंतरही मित्र लागतो. अल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरने २००० साली लिहिलेल्या एका छोट्या लेखात, निदान चुकलेल्या एका निवासी डॉक्टरविषयी सांगितले आहे. सहकाऱ्यांनी त्याची चूक तत्परतेने चघळली. त्याच्या मनाचे काय झाले असेल, हे कोणी विचारले नाही. अशा डॉक्टरला वू यांनी ‘दुसरा बळी’ म्हटले. या शब्दावर रुग्णांच्या नातेवाइकांनी पुढे आक्षेप घेतला आणि तो रास्त आहे. ज्याच्या हातून चूक झाली त्याला बळी म्हटले, तर ज्याचा जीव गेला त्याचे दुःख झाकोळते. पण शब्द बाजूला ठेवला तरी वस्तुस्थिती उरते. आदल्या रात्रीच्या मृत्यूने आतून ढासळलेला डॉक्टर सकाळी पुन्हा ओपीडीत बसतो आणि त्याच्यासमोर तुम्ही-आम्ही असतो. त्याला रात्री कोणाशी तरी बोलता आले होते का, यावर आपली तपासणी कशी होणार हेही थोडेफार अवलंबून असते.

इथे एक धोका मान्य करायला हवा. मित्र जसा टोकतो, तसा झाकतोही. डॉक्टर एकमेकांना सांभाळून घेतात, ही सामान्य माणसाची तक्रार निराधार नाही. चीनच्याच ‘सर्जन्स’ या २०१७ सालच्या मालिकेने नेमका हा प्रश्न हाती घेतला. तिच्यातला हृदय-छाती शल्यविशारद अमेरिकेतून ज्या रुग्णालयात परततो, तिथे तीस वर्षांपूर्वी त्याची आई परिचारिका होती. चुकीचे औषध दिल्याचा ठपका तिच्यावर आला आणि त्या घराची वाताहत झाली. खरोखर काय घडले, ते शोधायला तो आला आहे. दोन्ही मालिका शेजारी ठेवून पाहिल्या, की मैत्रीची कसोटी हाती लागते. जी मैत्री खोलीतल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला, म्हणजे रुग्णाला किंवा कनिष्ठ परिचारिकेला, वाचवते ती मैत्री. जी त्याच्यावर ढकलून आपल्या माणसाला वाचवते ती टोळी. दोघींचा चेहरा बाहेरून सारखाच दिसतो, म्हणून तर नियम, नोंदी आणि चौकशा लागतात. मैत्री त्यांची जागा घेऊ शकत नाही.

‘शिन शू’ निर्दोष आहे असे मुळीच नाही. बाजू डॉक्टरांची आहे आणि ती लपवलेली नाही. त्यामुळे काही रुग्ण आणि नातेवाईक पात्रे न राहता ‘प्रकरणे’ होऊन जातात. हाय छिंगने रंगवलेल्या तडफदार परिचारिकेला मालिकेत ज्या टोपणनावाने हाक मारतात, त्याचा अर्थ ‘देखणी छोटी नर्स’ असा होतो. तिच्या कामाचा आवाका पाहता हे नाव खटकते. वैद्यकीय मालिकांचा जुना रोग म्हणजे बरे होणाऱ्यांचे प्रमाण. अमेरिकी मालिकांत हृदय बंद पडल्यावर छाती दाबून वाचवलेल्यांची मोजदाद १९९६ मध्ये संशोधकांनी केली होती. तीन-चतुर्थांश रुग्ण त्या क्षणी वाचताना दाखवले होते. खऱ्या रुग्णालयांत हे प्रमाण त्याच्या जवळपासही नसते. अशा मालिका पाहणाऱ्याच्या मनात नकळत अवाजवी अपेक्षा रुजते आणि ती मोडली की राग डॉक्टरवर निघतो. म्हणून त्या पाहताना नाती खरी माना, आकडे नव्हे.

‘शिन शू’नंतर चिनी वैद्यकीय मालिका पुढे सरकल्या. ‘थँक यू, डॉक्टर’ या २०२२ च्या मालिकेत तातडीच्या अतिदक्षता विभागात काम करणारी स्त्री आणि पुरुष डॉक्टर केंद्रस्थानी आहेत आणि त्यांच्यात प्रेमकथा न रंगवता सहकाऱ्यांचे नाते रंगवले आहे. त्याआधी २०२० मध्ये ‘त्साय यी-छी’, म्हणजे ‘एकत्र’, ही कोविडकाळावरची मालिका आली. त्या वर्षी वूहान आणि आसपासच्या भागात देशभरातून ४२ हजारांहून अधिक आरोग्य कर्मचारी गेले होते. संरक्षक पोशाखात सगळे सारखेच दिसत, म्हणून ते पाठीवर आणि छातीवर जाड पेनाने आपली नावे लिहीत. शस्त्रक्रियेआधी नाव सांगण्याची पायरी आणि पोशाखावर लिहिलेले नाव, दोन्हींमागे एकच गरज आहे: माझ्या शेजारी कोण उभे आहे, ते मला कळू दे.

या नात्याशी महाराष्ट्राचाही एक खरा दुवा आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर गेले: अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, बसू आणि मुखर्जी. कोटणीस तिथेच राहिले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. ही कथा आपल्याला ठाऊक असते. त्यातला एक बारकावा मात्र फारसा सांगितला जात नाही. या पाचही जणांना चिनी नावे दिली गेली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘ह्वा’ हे अक्षर जोडले गेले. कोटणीस झाले ‘ख दी-ह्वा’. ‘ह्वा’ म्हणजे चीन. आणि एका पिढीतल्या सख्ख्या-चुलत भावंडांच्या नावात एक अक्षर समान ठेवण्याची चिनी कुटुंबांत जुनी चाल आहे. म्हणजे वेगवेगळ्या गावांतून आणि भाषांतून आलेल्या पाच डॉक्टरांना एका अक्षराने भाऊ करून टाकले होते.

‘शिन शू’ पाहून उठताना रुग्ण म्हणून आपण काय घ्यावे? माझ्या मते एक छोटी सवय. आपल्याला तपासणारा डॉक्टर ‘एकदा सहकाऱ्याला विचारून सांगतो’ असे म्हणाला, की अनेकांचा चेहरा पडतो. याला येत नाही वाटते, अशी शंका येते आणि घरी जाताना दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता शोधला जातो. खरे तर त्या वाक्यात आपल्या भल्याची खूण आहे. या माणसाला विचारायला कोणीतरी आहे, विचारण्यात त्याला कमीपणा वाटत नाही आणि जो उत्तर देणार आहे तो ‘तुझे चुकते आहे’ असेही सांगू शकतो. अशा डॉक्टरला म्हणावे, ‘विचारा, आम्ही थांबतो.’